बालवाडीची कसोटी : भावनगर ते कोसबाड

मूल तीन वर्षांचे झाले की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : त्याला कोणत्या बालवाडीत घालावे? आईवडील चार ठिकाणे पाहून येतात. इमारत कशी आहे, खेळणी किती आहेत, बाई इंग्रजी बोलतात काय, वर्षअखेरीस मूल किती अक्षरे लिहू लागते, याची चौकशी होते आणि त्यावरून बालवाडीचा दर्जा ठरविला जातो. परंतु आज कोणत्याही शहरातील बालवाडीत एकाच सतरंजीवर मराठी, गुजराती, मारवाडी, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात. कोणाच्या डब्यात कांदाबटाटा चालत नाही, कोणाला सणाची सुट्टी वेगळ्या दिवशी हवी असते, कोणाला बाईंचे बोलणेच समजत नाही. अनेक संस्कृतींची मुले जेथे एकत्र येतात, त्या बालवाडीचा दर्जा कोणत्या मापाने मोजावा?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघर जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर १९४५ साली तो अत्यंत तीव्रपणे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ यांनी आपले आयुष्य वेचले. त्या शोधाचा इतिहास प्रत्येक पालकाने आणि संस्थाचालकाने जाणून घ्यावा असा आहे.

भावनगरचे बालमंदिर

या इतिहासाचा आरंभ सौराष्ट्रात होतो. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. व्यवसायाने वकील असलेले गिजुभाई स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता बालशिक्षणाकडे वळले होते. मादाम मॉंटेसरी यांचे विचार त्यांनी आत्मसात केले. पण त्यांना गुजराती गोष्टींची, गीतांची आणि खेळांची जोड दिली. लहान मुलांना ते इतके आपले वाटत, की लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले.

१९२३ च्या सुमारास ताराबाई तेथे आल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून बालमंदिरातील काम पत्करले. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी गुजराती मुलांत राहून, गुजरातीत काम केले. पुढील आयुष्यात परभाषिक मुलासमोर उभे राहण्याचा जो प्रसंग त्यांच्यावर वारंवार आला, त्याची पूर्वतयारी भावनगरातच झाली असे म्हणता येईल. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा विचार पालकांपर्यंत पोहोचविण्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

बोर्डीची परीक्षा

दादरचे काम नावारूपाला आले होते. मात्र ताराबाईंच्या मनात एक प्रश्न सलत होता. १९०७ साली रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी मॉंटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. तीच पद्धती भारतात आली तेव्हा तिची साधने महाग ठरली आणि ती बहुतांशी शहरातील सुस्थित घरांतच राहिली. गरिबांसाठी जन्मलेली पद्धती गरिबांपर्यंत पोहोचत नसेल, तर तिला उत्तम कसे म्हणावे?

या विचारातून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबत पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिका होऊन आपले आयुष्य घडविले होते. बोर्डीचा परिसर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरचा. मराठी आणि गुजराती घरे, पारशी आणि इराणी बागायतदार, मच्छीमार आणि आसपासच्या पाड्यांवरील वारली असा बहुरंगी समाज तेथे नांदत होता. मात्र ही माणसे एकमेकांच्या बरोबरीने नांदत होती असे नव्हे. त्याच १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. बाहेरून येणारा पांढरपेशा माणूस सावकार, ठेकेदार किंवा सरकारी अंमलदार असतो, हाच वारल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

साहजिकच बालवाडी उघडली तरी आदिवासी मुले तिच्याकडे फिरकेनात. त्या काळच्या कोणत्याही तपासनीसाने केंद्र पाहिले असते तर प्रशिक्षित शिक्षिका, नीटनेटकी जागा, विचारपूर्वक आखलेला दिनक्रम यांसाठी त्याने चांगलाच शेरा दिला असता. परंतु ज्यांच्यासाठी हे सारे मांडले होते, ती मुलेच तेथे नव्हती. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. दोष शाळेत असला पाहिजे, असे मानून त्यांनी शाळा तपासायला घेतली. भारतातील बालशिक्षणाच्या इतिहासात हा क्षण फार महत्त्वाचा आहे.

अंगण आणि कुरण

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हा निष्कर्ष निघाला. शिक्षिका पाड्यांवर जाऊ लागल्या. झोपडीपुढील अंगणात किंवा झाडाच्या सावलीत मुले जमू लागली. महागड्या साधनांची जागा चिंचोके, बिया, शंखशिंपले, पाने, माती आणि बांबूच्या कांड्यांनी घेतली. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व तेच राहिले. पण मुलाच्या हाती त्याच्याच रानातील वस्तू आली. १९५७ साली संस्थेचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले आणि या प्रयोगांना विस्तृत क्षेत्र मिळाले.

तेथे आणखी एक अडचण लक्षात आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवरच्या भावंडाला सांभाळायचे कोणी? मुलगा येत नसे, कारण गुरे राखायची कोणी? यावर ‘विकासवाडी’ची योजना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. ताई वर्गात शिकू लागली आणि तान्हे भावंड शेजारी पाळण्यात निजू लागले. गुराख्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. जेथे गुरे चरतात तेथेच शिक्षण.

स्वच्छता हा बोर्डी आणि कोसबाडच्या दिनक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे शिक्षिका स्वतःच्या हातांनी करीत. त्या काळी इतर समाज ज्या मुलांना जवळही येऊ देत नसे, त्यांना एखाद्या सुशिक्षित स्त्रीने मांडीवर घ्यावे, यातच मोठा संस्कार होता.

भाषेचा आणि सन्मानाचा प्रश्न

या कार्याकडे आदराने पाहताना एक कठीण प्रश्नही टाळता येत नाही. वारल्यांची बोली पुस्तकी मराठीहून पुष्कळ वेगळी आहे. त्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर ‘चौक’ लिहितात. तारप्याच्या सुरांवर सारा पाडा रात्रभर नाचतो. या चित्रांची कीर्ती पुढे जगभर गेली आणि डहाणू तालुक्यातील चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा घरातून आलेले मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याच्याजवळ शब्द आहेत, रेषा आहेत, ताल आहे, झाडापानांचे ज्ञान आहे. बालवाडीने त्याला प्रमाण भाषा आणि नागर सवयी द्याव्यात हे योग्यच. परंतु देताना ‘तुझे ते कमी प्रतीचे’ असे त्याला वाटू लागले, तर त्या देण्यात हिणवणे मिसळते. सेवाभावी माणसाकडूनही हे नकळत घडू शकते.

कोसबाडने यावर शोधलेले एक उत्तर मोलाचे आहे. स्थानिक तरुणतरुणींना प्रशिक्षण देऊन शिक्षक करण्याचे काम तेथे झाले. मुलाची बोली जाणणारे माणूसच समोर उभे राहिले की शाळेचा उंबरठा निम्म्याने खाली येतो.

मोजमापाची शास्त्रे

बालवाडीचा दर्जा मोजण्याचे रीतसर शास्त्र पुढील काळात विकसित झाले. अमेरिकेत थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये एक प्रसिद्ध मोजपट्टी सिद्ध केली. निरीक्षकाने वर्गात बसून जागा, दिनक्रम, भाषा, खेळ, मोठ्यांचे मुलांशी वागणे अशा सदतीस बाबींना एक ते सात गुण द्यायचे, अशी तिची रचना होती. १९९८ च्या सुधारित आवृत्तीत ‘विविधतेचा स्वीकार’ ही एक स्वतंत्र बाब झाली. निरनिराळ्या वंशांची आणि संस्कृतींची माणसे वर्गातील चित्रांत, पुस्तकांत आणि बाहुल्यांत दिसतात काय, हे निरीक्षक त्यात पाहतो. परदेशी मोजपट्टी आपल्या केंद्रांना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे ओळखून चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने तमिळनाडूसाठी वेगळी मोजपट्टी तयार केली.

न्यूझीलंडने १९९६ मध्ये ‘ते फारिकी’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम स्वीकारला. या माओरी शब्दाचा अर्थ विणलेली चटई. माओरी आणि युरोपीय या दोन्ही परंपरांचे धागे त्यात एकत्र विणलेले आहेत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ लिलियन कॅट्झ यांनी तर दर्जा एकाच बाजूने पाहू नये असे सांगितले. तपासनीसाला तो एक दिसतो. वर्गात बसणाऱ्या मुलाला, त्याच्या पालकाला, शिक्षिकेला आणि समाजाला वेगळा दिसतो. या सर्व बाजू पाहिल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही. अनेकांताच्या विचारात वाढलेल्या वाचकाला ही दृष्टी परकी वाटणार नाही.

वारसा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पाड्यावरच्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीची आठवण त्या नावात आहे. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि आरंभीचे शिक्षण शक्यतो घरच्या भाषेत असावे असे म्हटले. हे पाहण्यासाठी ताराबाई आणि अनुताई नव्हत्या. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली निवर्तल्या.

त्यांच्या कार्यातून बालवाडीच्या कसोट्या मात्र स्पष्टपणे हाती लागतात. कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे आधी पाहावे. हजेरीपटावर नसलेले नाव हा बालवाडीवरचा पहिला शेरा असतो. मुलाची घरची भाषा वर्गात किमान एका मोठ्या माणसाला समजली पाहिजे. मुलाच्या घरातील वस्तू, गाणे, खाणे, सण यांना वर्गात जागा हवी, आणि ती वर्षातून एका दिवसाच्या वेशभूषेपुरती नसावी. पालकाला दारातून परत न पाठविता आत येऊन बसता आले पाहिजे. आणि जे मूल शिक्षिकेपेक्षा भाषेने, जातीने, परिस्थितीने सर्वांत दूरचे, ते सकाळी आनंदाने येते काय, हे पाहावे. या शेवटच्या कसोटीला उतरणाऱ्या बालवाडीत इतर मुलांचे सहसा भलेच होते.

आज अनेक समाज, मंडळे आणि विश्वस्त संस्था बालमंदिरे चालवितात. त्यांची वास्तू सुंदर असावी, साधने भरपूर असावीत, हे उचितच आहे. परंतु दर वर्षी जूनमध्ये प्रवेशाची यादी तयार झाली की संस्थाचालकांनी ती हाती घ्यावी आणि आवाराच्या मागे राहणाऱ्या बांधकाम मजुराचे, झाडलोट करणाऱ्या बाईचे, परप्रांतातून आलेल्या कारागिराचे मूल तिच्यात आहे काय, एवढे पाहावे. नसेल, तर बोर्डीला ताराबाईंनी केले तेच आपणही करावे : पालकांना दोष न देता आपलीच बालवाडी पुन्हा एकदा तपासावी.