तळटीप : ‘सायन्स जीपीए’

* अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्याची सरासरी दोनदा निघते : एकदा त्याच्या कॉलेजात आणि पुन्हा ‘ॲमकॅस’ या मध्यवर्ती अर्जसेवेत. इथे लेखिकेच्या गुणपत्रकावरचा आकडा आणि अर्जातला आकडा जुळत नाहीत, ते त्यामुळेच. ॲमकॅस प्रत्येक श्रेणीला स्वतःचे गुणांक देते : ए म्हणजे ४.०, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३, बी ३.० असे उतरत. ए-प्लसलाही ४.०च. गुणांकाला विषयाच्या क्रेडिटने गुणायचे, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांची सरासरी वेगळी काढतात. तीच ‘सायन्स जीपीए’.

खरी मेख पुन्हा दिलेल्या विषयांत आहे. चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात आधी सी (२.०) आणि पुढच्या वर्षी ए मिळाला, तर बरीच कॉलेजे जुनी श्रेणी सोडून देतात. ॲमकॅस दोन्ही धरते : ८ अधिक १६, भागिले ८, म्हणजे ३.०. ऑस्टिओपॅथी कॉलेजांची अर्जसेवा २०१७पर्यंत नवीच श्रेणी धरत असे. ती सवलतही गेली. पडून उठलेल्या विद्यार्थ्यावर हा अन्यायच आहे, असे प्रस्तुत संपादकाचे मत.

भारतातल्या विद्यापीठांत मिळालेले गुण ॲमकॅसच्या सरासरीत धरले जात नाहीत, पुण्या-मुंबईतून बी.एस्सी. करून गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. — संपा.