विश्लेषण : एका पेशीत दोन केंद्रके कशासाठी?

आपल्या शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींत एकच केंद्रक असते. गोड्या पाण्यात राहणाऱ्या ‘टेट्राहायमेना’ या एकपेशीय जीवात मात्र दोन असतात, एक लहान आणि एक मोठे.

दोघांचे काम काय?
लहान केंद्रक म्हणजे तिजोरीत ठेवलेला मूळ दस्तऐवज. त्यात गुणसूत्रांच्या पाच जोड्या असतात, पण त्या पुढच्या पिढीसाठी जपलेल्या. मोठे केंद्रक म्हणजे रोजच्या वापराच्या झेरॉक्स प्रती. त्यात बहुतेक गुणसूत्रांच्या सुमारे ४५ प्रती असतात आणि पेशीचा कारभार त्यांवरच चालतो.

नवे केंद्रक कधी घडते?
उपासमार झाली की दोन वेगळ्या लिंगप्रकारांच्या पेशी एकत्र येतात. ‘टेट्राहायमेना थर्मोफिला’ या जातीत असे सात प्रकार आहेत! लहान केंद्रकांतील डीएनएची देवाणघेवाण होऊन दोन्ही केंद्रके नव्याने तयार होतात. जुने मोठे केंद्रक नष्ट होते.

काय कापायचे, हे कसे ठरते?
नवे मोठे केंद्रक घडताना मूळ डीएनएचा सुमारे एक तृतीयांश भाग छाटला जातो. त्यात जागा बदलत फिरणारे उपद्रवी तुकडेही असतात. यासाठी आधी लहान केंद्रकातील डीएनएवरून आरएनएचे छोटे तुकडे बनतात. ते जुन्या मोठ्या केंद्रकाशी ताडून पाहिले जातात. जे जुळतात ते बाद होतात. उरलेले नव्या केंद्रकात जाऊन आपल्याशी जुळणाऱ्या डीएनएवर खूण करतात आणि तो भाग कापला जातो. कापणारे विकरही मूळचे अशाच उपद्रवी तुकड्याचे. काट्याने काटा काढायचा, तो असा!

एरवी छाटला जाणारा तुकडा संशोधकांनी जुन्या मोठ्या केंद्रकात घातला, तेव्हा नव्या केंद्रकात त्याची छाटणी अडली. म्हणजे जुने केंद्रक जाता जाता नव्याला शिकवून जाते.

आपल्याला याचे काय?
याच घडणीत गुणसूत्रांचेही अनेक तुकडे होतात आणि प्रत्येक टोकाला ‘टेलोमिअर’ हे संरक्षक टोपण लागते. इतकी टोके असलेला हा जीव म्हणूनच अभ्यासाला सोयीचा ठरला. १९८४ मध्ये कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना टोपण घडवणारे ‘टेलोमरेज’ विकर यातच सापडले. २००९ मध्ये त्यांना जॅक शोस्टॅक यांच्यासह नोबेल मिळाले. माणसाच्या बहुतेक कर्करोगांत हेच विकर सक्रिय असते.