वजन कोणाला किती?

आपल्या मंडळात डॉक्टर, इंजिनियर पुष्कळ. संख्याशास्त्रावर पोट भरणारे आम्ही मोजके. “तुम्ही नक्की करता काय?” असं मला नेहमी विचारलं जातं. थोडा इतिहास सांगून उत्तर देतो.

साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. झाले. त्या काळात रोनाल्ड फिशर तिथेच प्राध्यापक होते. १९३५ साली ब्लिस यांच्या कीटकनाशकांवरील निबंधाला फिशरांनी एक पुरवणी जोडली. प्रश्न असा: एखाद्या मात्रेला सगळेच किडे मेले, तर त्या नोंदीला वजन किती द्यायचं? रेषा काढायला वजन हवं, अन् वजन ठरवायला रेषा! तोड अशी: अंदाजाने रेषा काढा, तिच्यावरून वजनं ठरवा, पुन्हा रेषा काढा; आकडे हलायचे थांबेपर्यंत.

हार्पेंडनच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ साली दाखवलं, की हीच फेरी अनेक प्रकारच्या आकड्यांना चालते. १९७४ साली तिच्यावर बेतलेली ‘ग्लिम’ ही संगणकप्रणाली आली. पुढच्याच वर्षी वेडरबर्न कीटकदंशाने गेले. वय अवघं अठ्ठावीस.

१९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंड यांनी वेगळी वाट काढली. एकच रेषा न ओढता प्रत्येक ठिकाणी जवळच्या बिंदूंना जास्त वजन देऊन छोटी रेषा बसवायची. मग वक्रापासून दूर पडलेल्यांचं वजन उतरवून पुन्हा बसवायची. आजच्या ‘आर’ प्रणालीत ‘लोएस’ला ‘सिमेट्रिक’ असं सांगितलं, तरच ही दुसरी फेरी होते. न सांगितल्यास होत नाही.

सांगावं की नाही, इथेच माझं काम सुरू होतं. फार दूरच्या बिंदूचं वजन चक्क शून्य होतं. तो टंकनदोष असेल, नाहीतर खराखुरा रुग्ण. ते यंत्राला कळत नाही. मूळ कागद काढून पाहावा लागतो.

सुखात्म्यांचा पुढचा वाद याच जातीचा होता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर बेतली. सुखात्मे म्हणत, एकाच माणसाची गरज दिवसागणिक वरखाली होते. सरासरीखालचा प्रत्येकजण कुपोषित नव्हे. दांडेकरांना ते पटलं नाही. वाद गणिताचा दिसला, तरी प्रश्न होता उपाशी कोणाला म्हणायचं हा. म्हणून वजन लावण्याआधी बिंदूमागचा माणूस पाहावा, एवढंच माझं म्हणणं.