विजय दिवस : एका शब्दाचा वापर

भारतात नुसते ‘विजय दिवस’ म्हटले की अर्थ एकच, 16 डिसेंबर. 1971 मध्ये याच तारखेला ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी यांनी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. युद्ध जेमतेम तेरा दिवसांचे, पण युद्धकैदी सुमारे 93 हजार. बांगलादेशातही हा दिवस ‘बिजय दिबस’ म्हणूनच पाळला जातो. तिथला स्वातंत्र्यदिन मात्र 26 मार्च, कारण स्वातंत्र्याची घोषणा आधी झाली आणि ते हाती नऊ महिन्यांनी आले. या नऊ महिन्यांत सामान्य बंगाली माणसाने जे सोसले, ते ध्यानात घेतल्याशिवाय तिथल्या ‘विजय’ शब्दाचे वजन कळत नाही.

1999 नंतर 26 जुलैही विजय दिवस झाला, तेव्हा वेगळेपणासाठी आधी ‘कारगिल’ जोडावे लागले. कारगिलच्या लष्करी मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन विजय’. हेच नाव 1961 मधील गोव्याच्या कारवाईलाही होते. तरी 19 डिसेंबरला गोवेकर विजय दिवस म्हणत नाहीत, मुक्तिदिन म्हणतात. ही निवड अचूक आहे. विजय सैन्य मिळवते, मुक्त होतात ती माणसे.

मराठीत अशा दिवसांना एरवी ‘दिन’ लागतो: स्वातंत्र्यदिन, महाराष्ट्र दिन, हुतात्मा दिन. ‘विजय दिवस’ हिंदीतील सरकारी नाव जसेच्या तसे घेऊन आला आणि तसाच रुळला. कराडचा दरवर्षीचा सोहळाही याच नावाने ओळखला जातो.