तीन अक्षरांचं गाव

सातारा आणि सांगली ही दोन्ही नावं तीन-तीन अक्षरांची. संगणकावर मराठी विकिपीडियातलं सांगलीचं पान उघडलं, की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्त्याच्या शेवटी 'सांगली' असं स्वच्छ देवनागरीत दिसतं. मन सुखावतं. मग तो पत्ता कुणाला पाठवावा म्हणून आपण पट्टीत क्लिक करतो. अख्खा पत्ता निळा होतो. आपण तो उचलतो आणि पत्रात उतरवतो. पाहतो तर सांगली गायब! तिच्या जागी टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. मोजली तर चोपन्न चिन्हं भरतात. साताऱ्याचीही बरोबर चोपन्नच.

हे का होतं, ते समजून घ्यायचं तर 'निवडणे' या साध्या क्रियेचा इतिहास पाहावा लागतो. आणि गंमत म्हणजे तो आपल्या मुलखातूनच सुरू करता येतो.

१८०५ साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी देवनागरीत भगवद्गीता छापून घेतली. ती छापली तांब्याच्या पत्र्यांवरून. पत्र्यावर कोरलेलं अक्षर जागचं हलत नाही. एक ओळ काढून दुसरीकडे लावायची म्हटली, तर नवा पत्राच कोरायचा. पुढे शिशाचे सुटे खिळे आले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांचं देखणेपण साऱ्या देशाला दाखवलं. खिळे जुळवणारा एकेक अक्षर खणातून उचलायचा आणि चुकलं तर तेवढंच बदलायचा. निवडण्याचं स्वातंत्र्य अक्षरापर्यंत पोचलं, ते असं.

संगणकावर हे स्वातंत्र्य आणलं लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी. १९७०च्या दशकाच्या मध्यात, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, त्यांनी 'जिप्सी' नावाची लेखनप्रणाली तयार केली. ती होती पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. हे संपादक तोवर कात्रीने कागद कापून डिंकाने चिकटवत. 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द त्या कात्री-डिंकातलेच. आधी मजकूर निवडायचा, मग त्याचं काय करायचं ते सांगायचं, हा क्रम तिथे पक्का झाला. १९८३च्या 'लिसा' आणि १९८४च्या 'मॅकिंटॉश' या अॅपलच्या संगणकांनी तो जगभर नेला.

पण निवडणं म्हणजे नेमकं काय, यावर पुढे दोन घराणी झाली.

विंडोजच्या घराण्यात निवडणं ही नुसती खूण. निवडलेलं उचलायचं, तर 'कॉपी' असं वेगळं सांगावं लागतं. दुसरं घराणं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या 'एक्स विंडो' प्रणालीचं. लिनक्सने ते पुढे चालवलं. तिथे मजकूर निवडला की तो हातात आलाच. माऊसचं मधलं बटण दाबलं, की हवा तिथे उतरतो. कॉपीची आज्ञा वेगळी देता येते, पण तिची गरज पडत नाही.

या फरकाची खरी परीक्षा झाली ती पत्त्याच्या पट्टीत. विंडोजवाल्यांचा हिशेब सोपा होता. पट्टीत क्लिक करणाऱ्याला बहुधा जुना पत्ता पुसून नवा टाइप करायचा असतो, तेव्हा एका क्लिकमध्ये सगळं निवडून द्यावं. लिनक्सवर हेच केलं तर पंचाईत. समजा, पत्रातून एक पत्ता निवडून तुम्ही पट्टीकडे आलात आणि क्लिक केलं. लगेच पट्टीतला जुना पत्ता निवडला गेला, तर हातातला नवा पत्ता निसटला! म्हणून लिनक्सवरचा फायरफॉक्स ब्राउझर एका क्लिकवर फक्त कर्सर ठेवी. सगळं निवडायला दोनदा क्लिक करावं लागे.

आपल्याकडे २००१पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत हजारो माणसं संगणक शिकली, ती विंडोजवर. त्यांच्या बोटांना एकाच क्लिकची सवय. अशी माणसं लिनक्ससमोर बसली, की त्यांना यंत्रच बिघडल्यासारखं वाटे. यंत्र बिघडलेलं नसे. ते फक्त दुसऱ्या घराण्यातलं असे.

अखेर एप्रिल २०२०मध्ये फायरफॉक्सच्या ७५व्या आवृत्तीने तोड काढली. लिनक्सवरही एका क्लिकमध्ये सगळा पत्ता निवडला जाईल, पण आधी हातात असलेल्या मजकुराला धक्का लागणार नाही. तीनदा क्लिक केलं, तर मात्र पत्ता हातात येईल. दोन्ही घराण्यांची सवय सांभाळली गेली.

आता पुन्हा आपल्या तीन अक्षरांकडे वळू. इंटरनेटच्या पत्त्यांचे नियम १९९४ साली ठरले, तेव्हा त्यांत रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढ्यांनाच जागा मिळाली. देवनागरीला त्या घरात शिरायचं तर वेष बदलावा लागतो. संगणकाच्या लेखी 'सातारा' म्हणजे तीन व्यंजनं आणि तीन काने, असे सहा घटक. 'सांगली'तही स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी मिळून सहाच. प्रत्येक घटकाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा टक्क्यासह तीन चिन्हांत लिहितात. सहा नवे चोपन्न!

वाचताना ब्राउझर आपल्याला देवनागरी दाखवतो. मात्र पूर्ण पत्ता निवडून उचलला, की तो कुठेही चालावा म्हणून वेष बदललेलं रूप हाती देतो. यामागे वाईट हेतू नाही. पण ज्याला पाठवला, त्याला ती टक्क्यांची माळ पाहून शंका येते. फसव्या लिंकांच्या या दिवसांत घरातली वडीलधारी माणसं तिला हात लावत नाहीत आणि ते बरोबरच करतात. 'सांगली' वाचता आलं असतं, तर निदान कुठे जायचंय ते कळलं असतं.

उपाय निवडण्यातच आहे. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पत्त्याचं पहिलं अक्षर सोडून उरलेलं निवडा आणि उचला, म्हणजे देवनागरी जशीच्या तशी उतरते. ते सुटलेलं अक्षर मग हाताने लिहायचं. पूर्ण पत्ताही देवनागरीतच उचलण्याची सोय फायरफॉक्समध्ये आहे, पण ती आतल्या सेटिंगमध्ये दडलेली आणि मुळात बंद.

२०१४च्या ऑगस्टमध्ये पत्त्याच्या शेवटी '.भारत' लिहिण्याची मुभा मिळाली. म्हणजे देवनागरी पाटी दारावर लावता आली. ती पाटी उचलून दुसऱ्याच्या हाती देताना मात्र आपली अक्षरं अजून मागे राहतात. लिनक्सवाल्यांच्या एका क्लिकसाठी तोड निघाली, कारण आपलं काय अडतं ते त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आपण मराठी माणसं ती टक्क्यांची माळ निमूटपणे पुढे पाठवतो. ब्राउझर घडवणाऱ्यांकडे सूचना पाठवता येतात. आपणही त्यांना सांगायला हवं, की आमच्या गावाचं नाव तीन अक्षरी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)