सेंटरचा पोरगा विंगवर

मोबाइल शोधू नका. तुमच्या अंगात आता खाकी हाफपँट आहे आणि तिच्या खिशात दोन आणे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. वय चौदा, साल १९४८, उन्हाळ्याची सुट्टी. वसई गावातून टांग्याने येता येता पोटऱ्यांपर्यंत धूळ चढलीय. स्टेशनच्या पाटीवर लिहिलंय ‘बसीन रोड’. काखेत हॉकीची स्टिक आहे. तिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, ती घामाने तळहाताला चिकटते. सोडवून घ्या, कारण गाडी आली.

तिसऱ्या वर्गात शिरायचं म्हणजे आधी टोपल्या ओलांडायच्या. केळ्यांचे घड, ओल्या फडक्यात बांधलेली खायची पानं, वांगी, मोगऱ्याच्या कळ्यांची करंडी. पलीकडून सुक्या बोंबलाचा वास येतोय आणि मोगऱ्याने त्याच्यापुढे हात टेकलेत. लाकडी बाकावर चार बोटं जागा मिळते. समोरची मावशी स्टिककडे बघते. “ही वाकडी काठी कुठं घेऊन चाललास रे?”

“हॉकी खेळायला, चर्चगेटला.”

“कुणाचा डोळा फोडू नको म्हणजे झालं.” आणि तुमच्या हातावर एक केळं ठेवते.

खाडीच्या पुलावर लोखंडाचा असा खडखडाट होतो की बोलणं बंदच. भाईंदरला मिठागरांचे पांढरे ढीग डोळ्यांवर येतात, वाऱ्याने ओठ खारट होतात. शेजारी कोट घातलेले एक काका आहेत, रेल्वेच्या कचेरीत असावेत. स्टिक बघून त्यांना राहवत नाही. वीस वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला निघालेल्या आपल्या संघाला बोटीत बसण्याआधी मुंबईच्या संघाने ३-२ ने हरवलं होतं, ध्यानचंद असताना! काका हे असं सांगतात की जणू तिसरा गोल त्यांनीच मारला. मग विचारतात, “तू कुठं खेळतोस?”

तुम्ही छाती काढून सांगता, “सेंटर फॉरवर्ड.” दुसरं काय सांगणार? गावात सगळ्यात जोरात तुम्ही पळता, सगळ्यात जास्त गोल तुम्ही मारता, म्हणून तुम्ही मधे.

चर्चगेटच्या मैदानावर गवत आहे म्हणायचं एवढंच. जमीन भाकरीच्या तव्यासारखी तापलीय आणि अनवाणी पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतायत. समुद्राचा वारा येतो, पण उकाडा हलत नाही. कडेला चणेवाला, सुटलेले कारकून, गोव्याकडची चार पोरं एकमेकांना कोकणीत चिडवतायत. चामड्याच्या पांढऱ्या चेंडूचा रंग उडून तो अर्धा मातकट झालाय.

मास्तर तुमच्याकडे एकदा बघतात. “वसईचा ना? राइट आउट जा.”

“मास्तर, मी सेंटरला...”

“ऐकलं मी. राइट आउट.”

कानाच्या पाळ्या तापतात. विंगवर म्हणजे शिक्षा, असं गावात शिकलायत तुम्ही. ज्याला काही येत नाही त्याला रेघेवर उभं करायचं, ही रीत. मास्तरांच्या बाजूने आत्ताच सांगून टाकतो: ते बरोबर करतायत. सेंटरला खेळू पाहणाऱ्या बारा ते पंधराच्या पोराला एक-दोन हंगाम विंगवर काढू द्यावेत, असं मला अगदी मनापासून वाटतं. का, ते तुमचे पाय सांगतील.

पहिली गोष्ट, उजवीकडून कुणी येत नाही. तिथे चुन्याची रेघ आहे, पलीकडे फक्त चणेवाला. मधे खेळताना चारी बाजूंनी स्टिका येत होत्या, म्हणून चेंडू आला की तुम्ही डोळे मिटून मारत होता. इथे अर्धं भय कमी झालं. चेंडू घेऊन पळता पळता मान वर होते. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला मैदान दिसतं: बॅक कुठे सरकला, हाफ कुठे दमला, डीच्या तोंडाशी कुठे मोकळी जागा पडलीय.

दुसरी गोष्ट रागाची. तुम्ही जीव तोडून पळता, आतमध्ये चेंडू घालता, आणि सेंटरचा पोरगा आधीच पुढे निघून गेलेला. चेंडू त्याच्या टाचेमागून जातो. पुन्हा घालता, आता तो मागे राहिलेला. तुम्ही ओरडता, “अरे, थांब ना जरा!” आणि त्याच क्षणी कळतं की गावातल्या राइट आउटवाल्याला तुम्ही कित्येक रविवार असंच ताटकळत ठेवलंय.

पलीकडच्या मैदानावर रेल्वेची मंडळी सराव करतायत. उजव्या रेघेवर एक तिशीतला माणूस आहे, बघा. किशनलाल. मूळचा महूचा, नोकरी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे ज्या गाडीने तुम्ही आलात तिच्याच कंपनीत. थोड्याच महिन्यांत हा राइट आउट लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान असेल. १२ ऑगस्टला वेम्बलीवर आपण ब्रिटनला ४-० ने हरवू आणि त्यातले दोन गोल बलबीर सिंग मारेल. तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणालाच नाही. ओठ मिटून ठेवा. मात्र एवढं ध्यानात घ्या की ज्या जागेला तुम्ही शिक्षा समजत होता तिथला माणूस देशाचा कप्तान होतोय. आणि तो बलबीर? पुढे जगातला नावाजलेला सेंटर फॉरवर्ड, पण पोरवयात गोलकीपर होता, मग बॅक, मग पुढे आला. गोलात उभं राहून ज्याने सेंटरला अंगावर येताना पाहिलंय, त्याला गोलकीपर कुठे फसतो हे शिकवावं लागत नसणार.

विंगवर सगळं मिळत नाही, हेही खरं. खेळ सुरू करायची बुली तिथे येत नाही: जमिनीवर टक, स्टिकवर टक, असं तीनदा, आणि मग चेंडूवर झडप. गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि पाठीला बॅकचा श्वास लागत असताना वळायचं, हे रेघेवर उभं राहून येणार नाही. गोलकीपरच्या पॅडवरून उसळलेल्या चेंडूवर तुटून पडायची भूकही मधेच लागते. म्हणून पोराला विंगवर टाकून विसरणारा मास्तर मला मान्य नाही. तसे बरेच असतात. संघ जिंकत असतो, पोरगा पळत असतो, वर्षं जातात, आणि मधली जागा दुसऱ्याची होऊन बसते.

हाफटाइमला मिठात बुडवलेली लिंबाची फोड चोखताना मास्तर म्हणतात, “आता मधे ये.”

टक, टक, टक. चेंडू तुमचा. मागून कुणीतरी खांद्याला भिडतो. मान वर करायला वेळच नाही, पण राइट आउट कुठे असेल हे तुम्हाला माहीत आहे, कारण अर्ध्या तासापूर्वी तिथे तुम्ही होता आणि चेंडू दोन पावलं पुढे हवा म्हणून चरफडत होता. दोन पावलं पुढेच देता. तो पळतो. त्याला पाय वळवून चेंडू आत घालायला किती वेळ लागतो हेही तुम्ही स्वतःच्या पायांनी मोजलंय. डीच्या तोंडाशी तुम्ही क्षणभर पाऊल आवरता. चेंडू बरोब्बर स्टिकसमोर येतो. मारता. खांबाला घासून बाहेर.

तुम्ही कपाळ बडवता. मास्तर मात्र हसतायत. गोल हुकला त्याचं त्यांना काहीच नाही, त्यांनी ते आवरलेलं पाऊल पाहिलंय.

“पुढच्या रविवारी लेफ्ट आउट,” ते म्हणतात. “उजवीकडून आत मारणं सोपं, स्टिकची सपाट बाजू तुझ्याच कामाची असते. डावीकडून अख्खं अंग चेंडूभोवती फिरवावं लागेल. ते जमलं की मग बघू सेंटरचं.”