उंच ट्रकची गोष्ट: बाहा, बिगफूट आणि ॲव्हरेजचा हिशोब

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण 'कुठली घेऊ' टाइपचा नाही. आज इतिहास बघायचाय. अमेरिकेत पिकअप ट्रक उंच करायचं वेड कुठून आलं, आणि त्याची किंमत लोकांच्या कंबरेने आणि पेट्रोलच्या टाकीने कशी मोजली, त्याची ही गोष्ट.

सुरुवात करूया १९०८ पासून. फोर्डची मॉडेल टी बाजारात आली तेव्हा अमेरिकेतले गावाकडचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि एरवी घोडागाड्यांच्या खोल चाकोऱ्या. त्यामुळे ही गाडी जमिनीपासून चांगली दहा इंच वर होती. कारण साधं होतं: खाली असती तर अडकली असती. पुढे १९३५ मध्ये मार्मन-हेरिंग्टन कंपनीने फोर्डच्या ट्रकना फोर व्हील ड्राइव्ह बसवून द्यायला सुरुवात केली. मग दुसऱ्या महायुद्धात जीप आली. १९५७ मध्ये शेवरोलेच्या पिकअपला कारखान्यातूनच फोर व्हील ड्राइव्ह मिळू लागलं. म्हणजे इथपर्यंत उंची ही गरज होती. शेतकरी, सैनिक, जंगलखात्याचे लोक, ज्यांना खरंच खड्ड्यांतून जायचं होतं त्यांच्यासाठी.

आता गंमत बघा. १९५६ मध्ये अमेरिकेने हायवेचा मोठा कायदा केला आणि देशभर गुळगुळीत रस्त्यांचं जाळं विणायला घेतलं. रस्ते सुधारले की गाड्या खाली यायला हव्यात ना? कारच्या बाबतीत तसंच झालं. पिकअप मात्र वर वर जात राहिले. कारण तोपर्यंत उंचीला दुसरं काम लागलं होतं: दिसणं.

यामागे दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत, आणि सगळा घोळ त्या एकत्र झाल्यामुळे आहे.

पहिली परंपरा बाहाची. बाहा कॅलिफोर्निया हे मेक्सिकोचं वाळवंटी द्वीपकल्प. १९६७ मध्ये तिथे तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी शर्यत झाली, १,३०० किलोमीटरहून लांब. जिंकलं कोण? कुठलाही अवाढव्य ट्रक नाही. फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधलेली 'मायर्स मँक्स' नावाची हलकी बग्गी, आणि तीही टू व्हील ड्राइव्ह! वेळ २७ तास ३८ मिनिटं. बाहाने शिकवलेला धडा असा: खराब रस्त्यावर उंचीपेक्षा 'ट्रॅव्हल' महत्त्वाचा. ट्रॅव्हल म्हणजे चाक वर-खाली किती अंतर मोकळेपणाने हलू शकतं ते. आजच्या वाळवंटी शर्यतींच्या मोठ्या ट्रकमध्ये मागच्या चाकांना दोन फुटांहून जास्त ट्रॅव्हल असतो. चाक खड्ड्यात जातं, वर येतं, पण ड्रायव्हर जवळपास जागेवरच असतो.

दुसरी परंपरा बिगफूटची. सेंट लुईस भागातल्या बॉब चँडलरने आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला मोठी, मग आणखी मोठी चाकं लावत नेली. त्याचं फोर व्हील ड्राइव्हच्या सामानाचं दुकान होतं, आणि हा ट्रक म्हणजे दुकानाची चालतीबोलती जाहिरात. १९८१ मध्ये त्याने एका शेतात भंगार गाड्यांवरून ट्रक चालवून त्या चिरडल्या, आणि 'मॉन्स्टर ट्रक' हा प्रकार जन्माला आला. उंची बघायला लोक तिकीट काढू लागले.

मग बाजाराने काय केलं? लिफ्ट किटला दिसणं बिगफूटचं दिलं आणि वचन बाहाचं. 'ट्रक चार इंच उचला, कुठेही जा.' पण स्वस्तातल्या किटमध्ये ट्रॅव्हल वाढत नाही. मागे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात किंवा पाट्यांमध्ये एक जादा पाटा. पुढे स्प्रिंगच्या वर स्पेसर. ट्रक उंच होतो, पण चाक हलायचं तेवढंच हलतं, आणि जादा पाट्यामुळे राइड उलट कडक होते. रोज चालवणाऱ्याला हे पाठीत कळतं. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून ठरावीक वेगाला गाडी थरथरते. पुढच्या चाकांची भूमिती बदलते, म्हणून हायवेवर स्टेअरिंग भरकटतं. मोठी चाकं जड असतात, त्यामुळे प्रत्येक धक्का शॉकअपला जास्त जोराने बसतो.

आणि एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. सरळ ॲक्सलच्या ट्रकमध्ये लिफ्ट किटमुळे ॲक्सल इंचभरही वर जात नाही! ॲक्सल असतो चाकाच्या मध्यावर. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यास वाढला त्याच्या निम्मा. चार इंच मोठा टायर लावा, दगडापासूनचं अंतर वाढतं दोन इंच.

आता ॲव्हरेज. हे वेड वाढलं नेमकं तेलसंकटाच्या दशकात. १९७३ च्या तेलबंदीनंतर, जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैल केली, म्हणजे ८९ किलोमीटरच्या आसपास. का? कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० किलोमीटरला गेलात की तो साधारण ५६ टक्क्यांनी वाढतो. ट्रक उचलला की त्यात भर पडते: आधी बॉडीआड लपलेली चाकं, ॲक्सल आणि पोटाखालचं सामान आता सरळ वाऱ्याला तोंड देतं. रुंद आणि खोल खाचांचे टायर रस्त्यावर जास्त ताकद खातात. जड चाक प्रत्येक सिग्नलनंतर नव्याने फिरवावं लागतं. शहरात चाकांचं वजन मारतं, हायवेवर हवा मारते.

पण इंजिनिअर म्हणून एक सांगतो, मोजमाप आधी तपासा. ३१ इंचांचे टायर काढून ३५ चे लावले आणि मीटर नव्याने सेट केला नाही, तर १०० किलोमीटर दाखवेपर्यंत ट्रक खरा ११३ किलोमीटर गेलेला असतो. म्हणजे 'ॲव्हरेज पडलं' यातला काही भाग निव्वळ चुकीच्या आकड्याचा. आणि उलट बाजू जास्त धोक्याची: काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ९० ने जात असता, वर गेलेल्या गुरुत्वमध्यासकट. अचानक वळण घेतलं तर उंच गाडी उलटायची शक्यता जास्त.

इतिहासाने पुढे काय केलं बघा. १९८९ मध्ये बिगफूटच्याच आठव्या ट्रकला पाइपांची हलकी चेसिस आणि लांब ट्रॅव्हलचं सस्पेन्शन मिळालं. जड, कडक पाट्यांवर उड्या मारणं परवडत नव्हतं. म्हणजे उंचीचा राजाही शेवटी बाहाच्याच वाटेला आला. रस्त्यावर मात्र नक्कल वाढत गेली. नाक वर, शेपूट खाली अशा 'कॅरोलिना स्क्वॉट' ट्रकमध्ये ड्रायव्हरला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदी घातली: पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असला तर बेकायदा.

आणि कंपन्या? २०१३ च्या रॅम १५०० मध्ये एअर सस्पेन्शन आलं. खडकाळ वाटेवर ते ट्रक वर उचलतं आणि हायवेवर पेट्रोल वाचवायला आपोआप खाली आणतं. उंची हवी तेव्हाच, हवी तेवढीच.

आपल्याकडचं पण सांगून ठेवतो, कारण हे ऐकून कुणीतरी थारसाठी किट शोधायला लागलं असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही यावर ठाम निकाल दिला. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हेच आधी बघणार.

तरीही गॅरेजमध्ये कुणी 'दोन इंच उचलून देतो' म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: ट्रॅव्हल किती वाढेल? उत्तर 'काहीच नाही' आलं, तर तुम्ही फक्त दिसण्याचे पैसे देताय, आणि उरलेले हप्ते पेट्रोल पंपावर.

आजच्यापुरतं इतकंच. भेटूया पुढच्या भागात!